एका बादलीत दोन औषधं नकोत

मागच्या वर्षी मी या पानावर अजिंक्यताऱ्याच्या सहलीविषयी लिहिलं होतं. या वर्षी मराठी पानाचं काम पाहणाऱ्या सरांनी विषय विचारला, तेव्हा मी "साफसफाईची रसायनं" असं सांगितलं. सर हसले नाहीत. आमच्या हाऊसच्या बाथरूममध्ये ऑगस्टमध्ये काय घडलं ते त्यांना माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आणि पुढे या हाऊसमध्ये येणाऱ्या कॅडेट्ससाठी हा लेख लिहीत आहे. चूक माझी होती, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

त्या शनिवारी काय झालं

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शन होतं. आधीच्या इन्स्पेक्शनमध्ये बाथरूमच्या फरशीवरच्या पिवळट-पांढऱ्या डागांमुळे आमच्या हाऊसचे गुण गेले होते. बोअरवेलचं पाणी जड असतं. ते सुकलं की क्षारांचा थर राहतो आणि तो साध्या साबणाने निघत नाही. मी डॉर्मचा मॉनिटर. या वेळी गुण जाऊ द्यायचे नाहीत असं मी ठरवलं होतं.

बाथरूमची सफाई रोज अण्णा करतात. गेली बरीच वर्षं ते इथे आहेत. त्या संध्याकाळी त्यांनी ॲसिडची बाटली कोपऱ्यात ठेवली होती आणि ते वरच्या मजल्यावर गेले होते. ब्लीचिंग पावडरचा डबा खिडकीत होता. मी विचार केला, ॲसिडने डाग जातात, पावडरने जंतू मरतात, मग दोन्ही एकदम टाकलं तर काम दुप्पट चांगलं होईल. सातवीतल्या एका ज्युनिअरला मी सांगितलं, "पावडर पसर आणि ब्रश घेऊन खाली बस." त्याने "यस सर" म्हणून पावडर पसरली. वरून ॲसिड मी ओतलं.

चर्र असा आवाज झाला आणि फेस आला. मग एक वास आला. जलतरण तलावाजवळ येतो तसाच, पण कितीतरी तीव्र. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ज्युनिअर तर ब्रश घेऊन फरशीवर वाकला होता. तो खोकायला लागला तो थांबेचना.

तेवढ्यात दारातून अण्णांचा आवाज आला, "होरगे! होरगे बन्नी!" म्हणजे बाहेर या. त्यांनी ज्युनिअरला काखेत धरून ओढत व्हरांड्यात नेलं. मीही बाहेर आलो. मग मला बादलीची आठवण झाली. ती आत तशीच राहिली होती आणि सकाळी इन्स्पेक्शन होतं. मी परत आत जायला वळलो, तर अण्णांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटांचे वळ उठले. ते म्हणाले, "तम्मा, बादली मिळेल. छाती मिळणार नाही."

ज्युनिअरला एम. आय. रूममध्ये ऑक्सिजन दिला आणि रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी तो डॉर्ममध्ये परत आला. आता तो बरा आहे, क्रॉस कंट्रीत धावलासुद्धा. पण त्या रात्री मी झोपलो नाही. एक गोष्ट मला सारखी टोचत होती. ब्लीचिंग पावडरचा धडा आम्हाला दहावीच्या पुस्तकात आहे आणि त्याच्या चाचणीत मला पूर्ण गुण होते.

दोन्ही औषधं चांगली, पण वेगवेगळी

आधी हे समजून घेऊ की ही दोन औषधं काय काम करतात.

बाजारात "ॲसिड" म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. संडास साफ करायच्या अनेक द्रवांतही तेच असतं. जड पाण्याचे डाग म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड त्याला विरघळवतं आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. ॲसिड फरशीवर टाकल्यावर साधा फेस येतो तो याचाच.

ब्लीचिंग पावडर, आणि बाटलीत मिळणारं द्रव ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, यांचं काम दुसरं. ती रंग घालवतात आणि जंतू मारतात. पावडर बनवतानाच विझवलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडलेला असतो. ही पद्धत स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये शोधली, कापड पांढरं करण्यासाठी. म्हणजे पावडरीच्या डब्यात क्लोरीन जणू चुन्यात बांधून ठेवलेला असतो. ॲसिड टाकलं की ही गाठ सुटते:

ब्लीचिंग पावडर + हायड्रोक्लोरिक ॲसिड → कॅल्शियम क्लोराइड + पाणी + क्लोरीन वायू

द्रव ब्लीचचंही तसंच होतं, फक्त कॅल्शियम क्लोराइडऐवजी साधं मीठ उरतं.

समीकरण उजवीकडून नीट वाचा. उरलं काय? कॅल्शियम क्लोराइड आणि पाणी. त्यातलं एकही डाग काढत नाही आणि जंतूही मारत नाही. म्हणजे दोन्ही औषधांनी एकमेकांना संपवलं आणि हवेत विष सोडलं. "दोन्ही टाकलं तर दुप्पट साफ" हा माझा हिशोब मुळातच चुकीचा होता.

थोडं गणित

"एवढ्याशा औषधाने काय होणार?" असं कोणी म्हणेल. मीही तसंच म्हणालो असतो. म्हणून वहीत गणित मांडलं. सोपं जावं म्हणून द्रव ब्लीच घेतलं.

अर्धा पेला, म्हणजे १०० मिलिलिटर ब्लीच घेऊ. त्यात ५ टक्के हायपोक्लोराइट धरलं तर ते झालं ५ ग्रॅम. हायपोक्लोराइटचा रेणूभार ७४.५ आणि क्लोरीनचा ७१. पुरेसं ॲसिड मिळालं तर या ५ ग्रॅममधून सुमारे ४.८ ग्रॅम क्लोरीन निघेल. नेहमीच्या तापमानाला ७१ ग्रॅम क्लोरीन सुमारे २४.५ लिटर जागा व्यापतो, म्हणून ४.८ ग्रॅमचे होतात साधारण १.६ लिटर.

आता लहान बाथरूम घेऊ: २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, अडीच मीटर उंच. त्यात ७.५ घनमीटर, म्हणजे ७५०० लिटर हवा असते. ७५०० लिटरमध्ये १.६ लिटर म्हणजे हवेच्या दर दहा लाख भागांमागे दोनशेहून जास्त भाग क्लोरीन.

हे जास्त की कमी? अमेरिकेतल्या कामगारांच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने, नायॉशने, दहा लाखांत १० भाग ही पातळी "जिवाला तात्काळ धोका" म्हणून ठरवली आहे. समजा आपल्या बाथरूममध्ये सगळा वायू सुटलाच नाही, फक्त दहावा हिस्सा सुटला, तरी आकडा वीसच्या वर जातो. म्हणजे धोक्याच्या पातळीच्या दुप्पट. एवढं अर्ध्या पेल्यात.

आणखी एक गोष्ट. हवेचा सरासरी रेणूभार सुमारे २९ आहे आणि क्लोरीनचा ७१. म्हणजे क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड. तो वर उडून जात नाही, फरशीजवळ साचतो. मी उभा होतो आणि ज्युनिअर खाली वाकून घासत होता. मला डोळे चोळण्यावर भागलं आणि त्याला ऑक्सिजन लागला, याचं कारण हेच. जो वाकून, बसून काम करतो त्याला हा वायू आधी गाठतो. साफसफाई करणारा माणूस नेहमी वाकलेलाच असतो.

शरीरात काय होतं

क्लोरीन पाण्यात विरघळतो आणि त्यापासून हायड्रोक्लोरिक ॲसिड व हायपोक्लोरस ॲसिड तयार होतं. आपले डोळे, नाक, घसा, श्वासनलिका सगळं आतून ओलं असतं. त्यामुळे श्वासाबरोबर आत गेलेला क्लोरीन तिथल्या तिथे ॲसिड बनवतो. डोळे चुरचुरतात, घसा जळतो, खोकला येतो, छाती आवळल्यासारखी वाटते. जास्त वायू गेला तर फुप्फुसांत पाणी साचतं. हा त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो. माणूस बाहेर येतो, "मी ठीक आहे" म्हणतो, जेवतो, झोपतो आणि रात्री श्वास घेता येईनासा होतो. म्हणूनच ज्युनिअरला बरं वाटत असतानाही रात्रभर एम. आय. रूममध्ये ठेवलं होतं. दमा असलेल्याला तर थोडाही वायू पुष्कळ होतो.

हाच वायू युद्धभूमीवर

आपण सैनिकी शाळेतले, म्हणून हा इतिहास आपल्याला माहीत हवा. क्लोरीन पहिल्यांदा स्वीडनमधले रसायनशास्त्रज्ञ शीले यांनी १७७४ मध्ये तयार केला. १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी तो मूलद्रव्य आहे हे सांगून त्याच्या पिवळट-हिरव्या रंगावरून नाव दिलं.

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने हजारो नळकांडी उघडून सुमारे १६८ टन क्लोरीन वाऱ्यावर सोडला. जड वायू जमिनीलगत सरकत गेला आणि खंदकांत उतरला. आडोशासाठी खणलेले खंदकच सापळा बनले.

चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, आपल्या हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन त्याच भागात हल्ल्यात उतरली आणि तिच्यावरही गॅस आला. जमादार मीर दस्त हे ५५ व्या कोक्स रायफल्सचे. ते तेव्हा ५७ व्या वाइल्ड्स रायफल्सबरोबर लढत होते. रेजिमेंटचे इंग्रज अधिकारी उरले नाहीत तेव्हा त्यांनी विखुरलेली माणसं गोळा केली आणि माघारीचा हुकूम येईपर्यंत त्यांना आपल्या हाताखाली धरून ठेवलं. मग भर गोळीबारात आठ ब्रिटिश आणि हिंदी अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी नेण्यास मदत केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

१९९७ पासून अमलात आलेल्या रासायनिक शस्त्रबंदी करारानुसार क्लोरीन शस्त्र म्हणून वापरायला बंदी आहे आणि भारत त्या करारात आहे. म्हणजे सैनिकाला जो वायू शत्रूवरही सोडायला मनाई आहे, तो मी माझ्याच ज्युनिअरवर एका बाटलीने सोडला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

कामावर घडलेल्या काही घटना

आपल्या महाराष्ट्रात क्लोरीनच्या दोन घटना मला अभ्यास करताना मिळाल्या. १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीच्या हाजी बंदर भागात पोर्ट ट्रस्टच्या आवारात पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभराहून अधिक लोकांना त्रास झाला. २ जानेवारी २०२४ रोजी पिंपरी-चिंचवडमध्ये कासारवाडीच्या जलतरण तलावावर सकाळी क्लोरीनची गळती झाली. पोहायला आलेल्यांसह जवळपास वीस जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. या दोन्ही घटना गळतीच्या आहेत, मिसळण्याच्या नाहीत. पण वायू तोच आहे.

मिसळण्याची घटना अमेरिकेतली आहे. ७ नोव्हेंबर २०१९ रोजी बॉस्टनजवळच्या बर्लिंग्टन गावात एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात ॲसिड असलेलं औषध जमिनीवर सांडलं होतं. नंतर दुसरा कामगार फरशी धुवायला आला. त्याने नेहमीप्रमाणे हायपोक्लोराइटचं औषध टाकलं. फरशीवर हिरवट फेस आला. तो कामगार बाहेर पळाला. तिथले व्यवस्थापक मात्र ते पाणी रबरी झाडूने बाहेर लोटायला आत गेले. त्यांचा मृत्यू झाला आणि आणखी दहापेक्षा जास्त लोकांना दवाखान्यात जावं लागलं.

या घटनेत बादलीत कोणीही दोन औषधं मिसळली नव्हती. दोन माणसांनी दोन वेळेला एकाच फरशीवर आपापलं काम केलं, आणि पहिल्याने काय सांडलं ते दुसऱ्याला कोणी सांगितलं नाही. आणि जे गेले ते बादली आणायला निघालेल्या माझ्यासारखेच परत आत गेले होते. हे वाचलं तेव्हा मी अण्णांकडे गेलो आणि त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, "अभ्यास कर जा."

जपानमध्ये १९८६ साली तोकुशिमा भागात घर साफ करताना एक गृहिणी अशाच मिश्रणाने दगावली. त्यानंतर तिथे अशा बाटल्यांवर "मिसळू नका, धोका" असं मोठ्या अक्षरांत छापायला लागले. आपल्याकडेही बाटलीवर सूचना असते, पण ती बारीक अक्षरांत असते. आणि मोठ्या कॅनमधून पाण्याच्या जुन्या बाटलीत ओतलं की ती सूचना कॅनवरच राहते.

कोणत्या जोड्या टाळायच्या

अण्णांना विचारून आणि रसायनशास्त्राच्या सरांकडून तपासून घेऊन ही यादी केली आहे. वहीत उतरवून घ्या.

१. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर आणि कोणतंही ॲसिड. संडास साफ करायचं द्रव, फरशीचं ॲसिड, व्हिनेगर, लिंबाचा रस ही सगळी ॲसिडंच. यातून क्लोरीन निघतो.

२. ब्लीच आणि अमोनिया. काच पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो. यातून क्लोरामाइन नावाचे वायू निघतात. तेही फुप्फुसाला त्रास देतात. साचलेल्या लघवीतही अमोनिया तयार होतो, म्हणून युरिनलवर आधी भरपूर पाणी ओतल्याशिवाय ब्लीच टाकू नये. आपल्या हॉस्टेलसाठी हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा.

३. ब्लीच आणि स्पिरिट किंवा सॅनिटायझर. अल्कोहोल आणि ब्लीच यांच्यापासून क्लोरोफॉर्मसारखी घातक द्रव्यं तयार होऊ शकतात.

४. कॉस्टिक सोडा आणि ॲसिड. तुंबलेला पाइप मोकळा करायला कॉस्टिक सोडा टाकतात. तो मोकळा झाला नाही म्हणून वरून ॲसिड टाकलं तर इतकी उष्णता निर्माण होते की पाणी उकळून तोंडावर उडतं.

५. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर. यातून पेरासिटिक ॲसिड बनतं. ते डोळ्यांना आणि घशाला जाळतं.

थोडक्यात सांगायचं तर ब्लीचमध्ये साध्या गार पाण्याशिवाय काहीही मिसळायचं नाही.

आईचा फोन

इथपर्यंत लेख लिहून मी थांबणार होतो. पण त्या आठवड्यातल्या रविवारी घरी फोन लावला. माझे बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून नायक म्हणून निवृत्त झाले. आई साताऱ्यात एका खासगी दवाखान्यात साफसफाईचं काम करते. मी तिला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आरं, त्यात काय एवढं? आम्ही रोजच टाकतो की. ॲसिड आणि पावडर एकदम टाकलं की काळे डाग लवकर निघत्यात. जरा ठसका लागतो. मी पदर लावते तोंडाला."

मला काही बोलताच येईना. आई तीन वर्षांपासून खोकते. आम्ही सगळे समजत होतो की धुळीमुळे. तिचा खोकला या औषधांमुळेच आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर सांगतील. पण तीन वर्षं माझी आई दाराच्या आत वाकून रोज हा वायू घेत होती, आणि मी इथे त्याच समीकरणाचे गुण मिळवत होतो.

मी तिला म्हणालो, "आई, पदराने वायू अडत नाही." तिने विचारलं, "मग करायचं काय? दोनदा धुवायला येळ कुठं असतो? साताच्या आत सगळं चकाचक लागतं." तिचा प्रश्न खरा होता. लोक मूर्ख आहेत म्हणून मिसळत नाहीत. घाई असते, माणसं कमी असतात, आणि कोणी सांगितलेलं नसतं. उपदेश करून हा प्रश्न सुटणार नव्हता.

मग मी अण्णांना विचारलं. ते आधी मॅजेस्टिकजवळच्या एका लॉजमध्ये काम करायचे आणि तिथेही हीच घाई होती. त्यांनी सांगितलेली पद्धत मी आईला पुढच्या रविवारी सांगितली. ॲसिड रोज लागतच नाही. क्षाराचे डाग एका दिवसात साचत नाहीत, त्यामुळे आठवड्यातून एक वार ॲसिडचा ठेवायचा. त्या दिवशी पावडरचा डबा कपाटातून काढायचाच नाही. बाकीचे दिवस फक्त पावडर. ॲसिडच्या दिवशी काम झालं की भरपूर पाणी ओतून फरशी धुवायची. यात वेळ वाढत नाही, उलट वाचतो. पावडर वाया जात नाही आणि तिचं जंतू मारायचं कामही पूर्ण होतं.

आईने ऐकून घेतलं. एवढंच म्हणाली, "बघते सुपरवायझरबाईंशी बोलून."

वापरताना आणि अपघात झाल्यावर

वापरताना:

- एका वेळी एकच औषध. बादली, ब्रश आणि पोछाही वेगळा.
- औषध मूळ बाटलीतच ठेवा. दुसऱ्या बाटलीत ओतलंच तर नाव लिहून चिकटवा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीच नाही.
- ॲसिड पातळ करायचं असेल तर आधी पाणी घ्या आणि त्यात ॲसिड हळूहळू सोडा. ॲसिडमध्ये पाणी ओतू नका.
- दार-खिडक्या उघड्या ठेवा, पंखा असेल तर लावा. रबरी हातमोजे घाला.
- काम दुसऱ्याकडे सोपवताना काय टाकलंय ते तोंडाने सांगा. ड्यूटी बदलताना संत्री एकमेकांना सांगतात तसंच.

वास आलाच तर:

- ताबडतोब बाहेर पडा आणि बाकीच्यांना बाहेर काढा. मोकळ्या हवेत, वारा येतो त्या बाजूला, शक्य तर उंच जागी जा.
- बादली, ब्रश, मोबाइल, काहीही आणायला परत जाऊ नका. वरून पाणी, साबण किंवा आणखी औषध टाकायला तर मुळीच नाही.
- औषध अंगावर उडालं असेल तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवा. डोळे वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं धुवा.
- खोकला, धाप, छातीत जळजळ असेल तर ११२ किंवा १०८ ला फोन करा. शाळेत असाल तर सरळ एम. आय. रूम. कोणती औषधं मिसळली ते डॉक्टरांना सांगा, शिक्षेच्या भीतीने लपवू नका.
- बरं वाटलं तरी काही तास एकटं राहू नका.

शेवटी

इन्स्पेक्शनमध्ये त्या वेळी आमचे गुण पुन्हा गेले. हाऊस मास्टरांनी मला रगडा दिला नाही. त्यांनी मला ज्युनिअरच्या पालकांना फोन लावून दिला आणि म्हणाले, "काय झालं ते तूच सांग." तो फोन मला कुठल्याही शिक्षेपेक्षा जड गेला. ज्युनिअरने "यस सर" म्हटलं होतं, कारण सांगणारा मी होतो. ज्याच्या हुकमावर दुसरा खाली वाकतो, त्याला आपण काय ओततोय हे माहीत असलंच पाहिजे.

आता आमच्या हाऊसमध्ये ॲसिडची बाटली आणि पावडरचा डबा वेगवेगळ्या कपाटांत असतात. दोन्ही कपाटांवर कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत सूचना लावली आहे. कन्नड अण्णांनी सांगितलं आणि मी लिहिलं. दोन अक्षरं चुकली होती, ती त्यांनी सुधारून घेतली.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आई कामावर निघाली होती. तिच्या पिशवीत दोन बाटल्या होत्या. एका बाटलीच्या झाकणाला तिने ताईच्या नेलपॉलिशने लाल ठिपका दिला होता. "ही ॲसिडची," ती म्हणाली. "फक्त शुक्रवारी न्यायची. बाकीच्या बायकांच्या बाटल्यांनाबी ठिपके दिलेत. ताईची शिशी संपली."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिची छाती तपासली आहे आणि औषध सुरू केलं आहे. खोकला अजून आहे, पण कमी झालाय असं ती म्हणते. मी रोज रात्री प्रेपनंतर तिच्यासाठी देवाला हात जोडतो आणि सकाळी बाथरूमच्या दोन्ही कपाटांची कुलपं तपासतो.

वाचक मित्रांनो, तुमच्या घरीही कोणीतरी फरशी धुतं, संडास घासतं. या सुट्टीत त्यांना एकदा विचारा, बादलीत काय काय टाकता?

जय हिंद.

— इयत्ता दहावीतील एक कॅडेट